वायसरला आटे नसतात: अडचणीच्या जागेत बुटका कॉलर नट निवडताना

गेल्या हंगामात तासगावकडच्या एका द्राक्ष बागायतदाराचा ब्लोअर, म्हणजे पंख्याच्या वाऱ्याने औषध फवारणारं यंत्र, आमच्या सांगलीजवळच्या कुपवाडच्या शेडवर परत आला. फळछाटणी होऊन महिना झाला होता, पाऊस लांबला होता, दावण्या रोगाच्या धास्तीने फवारणीवर फवारणी चालू होती. अण्णा ट्रॅक्टरवरून उतरायच्या आधीच म्हणाले, "पंखा खरखरतोय बघा. आणि आज रात्रीच लागणार हाय मला."

जाळी काढली. गिअरबॉक्समधून बाहेर आलेले चार स्टड, म्हणजे बिनडोक्याचे, आत पक्के बसवलेले बोल्ट, त्यावर ॲल्युमिनियमचं बेअरिंग कव्हर, कव्हरवर चार नट. चारही जागेवर. मी सहज बोटाने एक फिरवून बघितला तर तो फिरला, आणि फिरतच राहिला. पुढे जाईना, मागे येईना, भोवऱ्यासारखा जागच्या जागी. खालून स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटला तसा स्टडवरून सरळ सरकत हातात आला. स्टडवर एक बारीक चकचकीत तार गुंडाळलेली राहिली, पेनातल्या स्प्रिंगसारखी. ती तार म्हणजे नटाच्या पोटातले आटे.

तो नट मीच निवडला होता. जागा कमी होती, म्हणून हाफ नट घातला, खाली वायसर टाकला, टॉर्क रेंचने, म्हणजे किती जोराने पिळतोय ते (टॉर्क) दाखवणाऱ्या पान्याने, नियमाप्रमाणे कसला आणि काम झालं असं समजलो. त्या रात्री अण्णांचा ब्लोअर कसाबसा चालू करून दिला. बुटका नट निवडताना काय बघायला हवं होतं ते त्यानंतर नीट बसून समजून घेतलं. कुपवाड, मिरज, पलूस या पट्ट्यात माझ्यासारखे पुष्कळ जण फॅब्रिकेशन नाहीतर असेंब्लीच्या कामात आहेत, त्यांना उपयोग होईल म्हणून लिहितोय. ज्यांनी कधी पाना हातात धरला नाही त्यांनाही कळावं असा प्रयत्न आहे.

आधी नावं. कॅटलॉगमध्ये ज्याला फ्लँज नट म्हणतात, त्याला आपल्याकडे बहुतेक ठिकाणी कॉलर नट म्हणतात. नेहमीच्या षटकोनी नटाच्या बुडाला वायसरसारखी गोल पसरट कड असते, ती नटाचाच भाग असते, वेगळी होत नाही. लो प्रोफाइल कॉलर नट म्हणजे याच नटाची बुटकी आवृत्ती. हाफ नट वेगळा: त्याला कड नसते आणि त्याची उंची साधारण बोल्टच्या जाडीच्या निम्मी असते. बरेच जण त्याला चेकनट म्हणतात, कारण मूळ नटाला अडवून धरायला तो वापरतात. पुढे मी सगळीकडे एम८चं, म्हणजे आठ मिलिमीटर जाडीच्या बोल्टचं उदाहरण घेतोय, म्हणजे आकडे डोक्यात बसतील.

आता नट नेमकं करतो काय? उसाची ट्रॉली डोळ्यासमोर आणा. मोळ्या रचून झाल्या की वरून दोर टाकतात, दोघं जण लोंबकळून ताणतात आणि गाठ मारतात. ऊस धरून ठेवतो तो ताणलेला दोर. गाठीचं काम एवढंच की तो ताण सुटू द्यायचा नाही. बोल्ट हा तसा दोर आहे. नट कसला की बोल्ट केसभर लांब होतो, खरोखर ताणला जातो, आणि पुन्हा आखूड व्हायच्या धडपडीत दोन्ही भाग एकमेकांवर आवळून धरतो. नट ही गाठ. एम८च्या ८.८ ग्रेडच्या (ग्रेड म्हणजे धातूच्या ताकदीचा आकडा) बोल्टला साधारण २५ न्यूटन-मीटर टॉर्क दिला तर तो अंदाजे १६ किलोन्यूटनने ताणला जातो. वजनात सांगायचं तर १,६०० किलो, म्हणजे सिमेंटची बत्तीस पोती. बोटाएवढ्या बोल्टवर, आणि कंपन सुरू व्हायच्या आधीच.

गाठीबद्दल कुठल्याही शेतकऱ्याला माहीत असलेली गोष्ट नटालाही लागू आहे. दोर तुटला तर लगेच कळतं, आवाज होतो, ट्रॉली थांबते. गाठ आतून सरकत असेल तर कारखान्याच्या रस्त्यावर मोळी पडेपर्यंत कळत नाही. म्हणून चांगल्या जोडात गाठ दोरापेक्षा भक्कम लागते. जास्तच ताण आला तर बोल्ट तुटावा, आटे जाऊ नयेत, असा हिशोब धरूनच नेहमीच्या नटाची उंची ठरवलेली असते. तुटलेला बोल्ट फिटरला तिथेच दिसतो. आटे अर्धे गेलेला नट मात्र कसून घेतल्यासारखा दिसतो, वर रंग मारून गाडीत चढतो आणि बागेत जाऊन सुटतो. माझ्याकडे नेमकं हेच झालं.

नेहमीच्या षटकोनी नटाची उंची पूर्वी बोल्टच्या जाडीच्या ०.८ पट असायची. जुन्या जर्मन प्रमाणात, म्हणजे डिन ९३४ मध्ये, एम१०चा नट ८ मिमी आणि एम१२चा १० मिमी. पुढे आंतरराष्ट्रीय प्रमाणात, म्हणजे आयएसओ ४०३२ मध्ये, तेच नट ८.४ आणि १०.८ मिमीपर्यंत उंच केले, कारण हायटेन्साइल, म्हणजे जास्त ताकदीचा, बोल्ट पूर्ण ताकदीने ताणला तर जुन्या उंचीत आटे जायची भीती होती. प्रमाण ठरवणाऱ्या मंडळींना अर्धा-पाऊण मिलिमीटर वाढवावासा वाटला, आणि आपण जागा नाही म्हणून तीन-तीन मिलिमीटर कापून मोकळे होतो.

उंची कमी केल्याने काय जातं ते बघू. एम८चा आटा १.२५ मिमीचा. ६.८ मिमी उंच नटात साधारण साडेपाच आटे बसतात, ४ मिमीच्या हाफ नटात तीनच्या आसपास. त्यातही वरच्या आणि खालच्या तोंडाला उतार दिलेला असतो, तिथला आटा पुरता धरत नाही. सगळे आटे सारखा भार उचलतात असंही नाही. कसलेल्या पृष्ठभागाला लागून असलेला पहिला आटा एकटाच जवळजवळ तिसरा हिस्सा उचलतो, पुढचे कमी कमी करत जातात. पहिला दमला की त्याचा भार दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर. साडेपाचांची रांग असेल तर मागे कोणी तरी असतं. तिघांत पहिला गेला की उरलेले दोघं किती वेळ तग धरणार?

बारीक आट्याचा नट घेतला तर तेवढ्याच उंचीत जास्त आटे बसतील, म्हणजे भक्कम होईल, असं मलाही वाटायचं. तसं होत नाही. आटे सोलवटून निघायला किती जोर लागेल ते मुख्यतः बोल्टची जाडी आणि आटे किती लांबीत अडकलेत यावर ठरतं. आटे दुप्पट केले तर प्रत्येक आटा निम्मा बारीक होतो.

माझ्या हाफ नटाचा हिशोब तर फारच लाजिरवाणा निघाला. हाफ नटावर ०४ किंवा ०५ असा आकडा असतो. पुढचं शून्य शोभेला नाही, ते सांगतं की हा नट पूर्ण भाराचा नाही. ०४ ग्रेडच्या एम८ हाफ नटाची हमी साधारण १३.९ किलोन्यूटनची, ०५ची १८.३. नेहमीच्या उंचीच्या ८ ग्रेडच्या नटाची ३१च्या पुढे. म्हणजे मी पुस्तकात बघून २५ न्यूटन-मीटर दिले आणि बोल्टमध्ये १६ किलोन्यूटन ताण आला तेव्हाच ०४चा नट त्याच्या हमीबाहेर गेला होता. ट्रॅक्टर चालू व्हायच्याही आधी! बागेतल्या कंपनांनी नंतर फक्त उरलेलं काम केलं. माझ्या नटावर तर आकडाही नव्हता. पुण्याच्या बोहरी आळीतले असोत नाहीतर आणखी कुठल्या दुकानातले, किलोवर मिळणाऱ्या बिनआकड्याच्या नटाला सगळ्यात मऊ धरूनच चालावं.

आता कॉलर नटाकडे येऊ, आणि इथे एक गंमत आहे. जागा वाचेल म्हणून कॉलर नट घ्यायचा असं पुष्कळांना वाटतं. प्रमाणातला एम८ कॉलर नट ८ मिमी उंच असतो. साधा नट ६.८, त्याखालचा वायसर १.६, मिळून ८.४. वाचले किती? ०.४ मिमी. जाडजूड कागदाच्या दोन पानांएवढे. तरी कॉलर नट बरा, कारण त्या ८ मिमीत खालपासून वरपर्यंत आटे आहेत. साध्या जोडीत १.६ मिमी वायसरने खाल्ले आणि वायसरला आटे नसतात. कॉलर म्हणजे आटे पाडलेला वायसर, असं मी आमच्या पोरांना सांगतो.

अडचणीच्या जागेत हेच गणित कामाला येतं. अण्णांच्या ब्लोअरमध्ये कव्हर आणि पंख्याच्या हबची (मधल्या गाभ्याची) पाठ यांत ११ मिमी जागा होती. हब फिरतो, त्यामुळे दीड मिमी तरी मोकळं सोडायला हवं. उरले ९.५. स्टडचं टोक नटाच्या बाहेर दोन आटे तरी यायला हवं, कारण टोकाचे आटे अर्धवट असतात, त्यासाठी २.५ मिमी. साधा नट आणि वायसर: ८.४ अधिक २.५, म्हणजे १०.९, बसत नाही. प्रमाणातला कॉलर नट: १०.५, तोही नाही. हाफ नट आणि वायसर: ४ अधिक १.६ अधिक २.५, म्हणजे ८.१. बसला, आणि मी फसलो. त्याच जागेत ५.५ मिमी उंचीचा बुटका कॉलर नट ८ मिमीत बसतो. दोन्हींची व्यापलेली उंची जवळपास सारखी, पण हाफ नटाच्या जोडीत आटे ४ मिमीत आणि बुटक्या कॉलर नटात साडेपाच मिमीत. तीनेक आट्यांच्या जागी जवळपास साडेचार. तेवढाच फरक, पण कमी जागेत तोच मोठा असतो.

तरी बुटका नट उचलायच्या आधी एक प्रश्न विचारावा, आणि तो मी पहिल्यांदा विचारला नव्हता: बोल्ट उलटा घालता येईल का? नटाला उंची लागते आणि वर बोल्टचं टोकही बाहेर यावं लागतं. बोल्टच्या डोक्याला यातलं काहीच लागत नाही. एम८ षटकोनी बोल्टचं डोकं ५.३ मिमी उंच. खाली वायसर धरला तरी ६.९. डोकं अडचणीच्या बाजूला आणि नट मोकळ्या बाजूला केला की निम्मी दुखणी तिथेच मिटतात. आमच्या शेडमधल्या एका जाळीच्या ब्रॅकेटवर दोन वर्षं हाफ नट बसत होते, केवळ पहिल्या माणसाने बोल्ट त्या बाजूने घातला होता म्हणून. स्टड असेल तर मात्र उलटा घालायचा प्रश्नच येत नाही.

दुसरा मार्ग खालचा भाग थोडा खोल करण्याचा. कास्टिंगमध्ये पुरेशी जाडी असेल तर नटाच्या जागी दीड-दोन मिमीचा गोल खड्डा मारायचा, वर्कशॉपमध्ये त्याला स्पॉट फेस म्हणतात. आम्ही कव्हरच्या वरच्या दोन स्टडांना असंच केलं. दीड मिमी खोल गेलं आणि १०.५च्या जागी ९ मिमीत प्रमाणातला कॉलर नट बसला. खालच्या दोन स्टडांजवळ मात्र ऑइल सीलची जागा होती, तिथे कव्हर आणखी पातळ करण्याची हिंमत नव्हती. त्या दोघांसाठीच बुटका कॉलर नट आला. असंच व्हायला हवं होतं. बुटका नट हा शेवटचा उपाय. कॅटलॉगमध्ये दिसला आणि आवडला म्हणून मागवायचा माल नव्हे तो.

कॉलरचा खरा फायदा ॲल्युमिनियमवर दिसतो. ९ मिमीच्या भोकावर साधा एम८ नट नुसता बसवला तर त्याचं बूड कव्हरला जेमतेम ४२ चौरस मिमीत टेकतं. कॉलर नटाचं १३० चौरस मिमीच्या वर. तिप्पट. त्या १६ किलोन्यूटनचा दाब साध्या नटाखाली चौरस मिमीला ३८० न्यूटनच्या घरात जातो, कॉलरखाली १२०च्या आसपास येतो. साधं ओतीव ॲल्युमिनियम पहिल्या दाबाला दबतं, दुसरा मुकाट सोसतं. नटाखाली पाव मिमीचा दहावा भाग जरी खचला तरी ताणलेला बोल्ट तेवढा ढिला पडतो, कारण त्याचं ताणणंच मुळात मिलिमीटरच्या काही शतांशांत असतं. आखूड बोल्टला तर ते आणखीच कमी. नट न फिरताही जोड सैल होतो तो असा.

पण बुटक्या नटाची कॉलरही बहुधा पातळ असते. पातळ कॉलर दाबाखाली कडेने किंचित वर उचलली जाते, ताटलीसारखी, आणि भार पुन्हा मधल्या भागावरच येतो. त्यामुळे कागदावरचं क्षेत्रफळ पूर्ण मिळेल असं धरू नये. काही कॉलर नटांचं बूड मुद्दाम जरासं आत वळवलेलं असतं, कडा आधी टेकते आणि कसल्यावर सपाट होते. असा नट मिळाला तर घ्यावा.

उंची वाचली की घेर वाढतो, हे दुसरं. एम८ कॉलरचा व्यास १७.९ मिमीपर्यंत असतो, साध्या नटाच्या कोपऱ्यातून कोपऱ्यापर्यंत साधारण १५. अँगलच्या आतल्या कोपऱ्यात, बेंड केलेल्या पत्र्याच्या वळणाजवळ, वेल्डिंगच्या रेघेशेजारी कॉलर एका बाजूने वर चढते. नट कसला की बोल्ट वाकतो आणि मोडतो तो पुढे कधी तरी. एका पॅनलच्या चौकटीत आम्हाला वेल्डचा केवळ तांदळाच्या दाण्याएवढा थेंब नडला होता. नट कसल्यावर चिमटीत धरून कागदाचा तुकडा कॉलरखाली सगळ्या बाजूंनी घालून बघायचा. कुठूनही आत गेला तर कॉलर नीट टेकलेली नाही.

पाना धरायची अडचण कुणी ड्रॉइंगवर लिहीत नाही. बुटक्या कॉलर नटात कॉलरने खालची उंची घेतली की पान्यासाठी षटकोन तीन मिमी उरतो, कधी त्याहून कमी. बाजारच्या गोटीच्या (नटावर टोपीसारख्या बसणाऱ्या सॉकेट पान्याच्या) तोंडाला आतून एक-दीड मिमी उतार असतो, तो भाग नटाला धरतच नाही. म्हणजे पकड उरते मिलिमीटर-दीड मिलिमीटरची. जोर लावला की गोटी वर सटकते, नटाचे कोपरे गोल होतात आणि आपण नटाच्या क्वालिटीला शिव्या देत बसतो. आम्ही एक तेरा नंबरची गोटी या कामासाठी वेगळी ठेवली आणि तिचं तोंड ग्राइंडरवर उतार जाईपर्यंत सपाट करून घेतलं, मध्ये मध्ये पाण्यात बुडवत, म्हणजे पोलादाचं पाणी, त्याचा कडकपणा, उतरत नाही. गोटी सहा कोनी घ्यावी, बारा कोनी नको. हवेवर चालणारी, नट कसायची एअर गन या नटाच्या जवळही आणू नये.

पान्याचा नंबरही बघून घ्यावा. एम८च्या नटाला आपण तेरा नंबर धरून चालतो, पण जपानी पद्धतीच्या दुचाकींवर त्याच आट्याला बारा नंबरचा पाना लागतो आणि एम१०ला चौदा. जर्मन प्रमाणातल्या एम१० कॉलर नटाला पंधरा. अडचणीच्या जागी अर्धा मिमी मोठा पाना म्हणजे कोपरे गेलेच.

गोटी जात नसेल तिथे टॉर्क रेंचच्या टोकाला पंजासारखा पाना जोडतात. तो रेंचच्या सरळ रेषेत पुढे आला तर हाताची लांबी वाढते आणि नटावर दाखवल्यापेक्षा जास्त टॉर्क जातो. रेंच ३०० मिमीचा आणि पंजा ४० मिमी पुढे असेल, तर २५ न्यूटन-मीटर हवे असताना रेंच २२वर लावायचा. पंजा काटकोनात लावला तर हा हिशोब करावाच लागत नाही. आमचे जुने फिटर हे कुठे शिकले कुणास ठाऊक, पण ते कायम काटकोनातच लावतात. विचारलं तर म्हणतात, "तसंच लावायचं असतंय."

टॉर्कबद्दल आणखी एक. आपण पान्यावर जो जोर लावतो त्याचा ढोबळ मानाने निम्मा नटाच्या बुडाच्या घर्षणात जातो, चाळीस टक्के आट्यांच्या घर्षणात आणि बोल्ट ताणायला उरतात दहा टक्के. कॉलर रुंद, त्यामुळे बुडाचं घर्षण जास्त. साध्या नटाइतकाच टॉर्क दिला तर कॉलर नटाखाली बोल्ट साधारण दहा टक्के कमी ताणला जातो. उलट आट्यांना तेल लागलं असेल तर त्याच २५ न्यूटन-मीटरमध्ये ताण १६वरून २०-२१ किलोन्यूटनपर्यंत जाऊ शकतो, आणि ते बुटक्या नटाला पेलेलच असं नाही. गंज धरू नये म्हणून प्रेमाने तेलाचा थेंब टाकणारे हात सगळ्या वर्कशॉपमध्ये असतात. कोरडे की तेल लावून, हे आधी ठरवायचं आणि प्रत्येक वेळी तसंच करायचं.

हमीच्या आकड्यासाठी दुकानदाराशी वाद घालावा लागतो, तो घालावा. हाफ नटाला भारतीय प्रमाण आहे, आयएस १३६४चा चौथा भाग, उंची ठरलेली आहे. लो प्रोफाइल कॉलर नट या नावाखाली मिळणाऱ्या मालाची उंची मात्र बनवणाऱ्यागणिक बदलते, आणि नटावर ८ आकडा ठोकलेला असला तरी तो पूर्ण उंचीच्या नटाचा भार घेईल असं नसतं. धातू तेवढ्या ताकदीचा असेल, आटे कमी आहेत ना. म्हणून "ग्रेड काय?" एवढ्यावर थांबू नये. "किती किलोन्यूटनला टेस्ट केलाय?" असं विचारावं आणि उत्तर कागदावर घ्यावं. आम्हाला पहिल्या दुकानात उत्तर मिळालं, "साहेब, नट म्हणजे नटच की." दुसऱ्याने दोन दिवसांनी ड्रॉइंग पाठवलं. नट त्याच्याकडून घेतले. त्यावरचा आकडा बघून टॉर्कही उतरवला. नट जेवढा पेलतो त्याच्या तीन चतुर्थांशापलीकडे बोल्ट ताणायचा नाही, असा आमचा घरचा नियम.

आवळ कमी ठेवली तर सुटायची भीती वाढते, हेही खरं. गेऱ्हार्ड युंकर नावाच्या जर्मन अभियंत्याने १९६९मध्ये दाखवून दिलं की नट सुटतो तो मुख्यतः आडव्या हलण्याने. दोन पत्रे एकमेकांवर मागेपुढे घसरत राहिले की आट्यांतलं घर्षण जणू नाहीसं होतं आणि नट आपणहून उलटा फिरतो. त्याच पद्धतीच्या चाचणीत स्प्रिंग वायसर फारसा कामाला येत नाही हेही दिसतं, तरी आपण तो घालतोच; सवय. पत्रे घसरू न देण्याएवढी आवळ हाच मुख्य इलाज. ती देता येत नसेल तर बोल्टांची संख्या वाढवायची किंवा डॉवेल पिन (दोन्ही भागांत घट्ट बसणारी बिनआट्याची खुंटी) घालून आडवा जोर पिनेवर द्यायचा.

कुलूप लावणारे कॉलर नट दोन तऱ्हेचे मिळतात. एकाच्या बुडाला दाते असतात, ते खालच्या धातूत रुततात. उघड्या माइल्ड स्टीलवर उत्तम, पण खाली वायसर घातला की दाते वायसरला धरतात, वायसर फिरतो आणि दात्यांचा उपयोग शून्य. पावडर कोटिंगवर दाते रंग खरवडतात आणि तिथून गंज सुरू होतो. अर्थिंगच्या बोल्टला मात्र तेच खरवडणं हवं असतं. दुसऱ्या तऱ्हेत नायलॉनची रिंग असते. ती उंची खाते, त्यामुळे बुटक्या नटात अगदी पातळ बसवतात, आणि १२० अंशांच्या वर तिचं काही खरं नाही. सायलेन्सरजवळ नायलॉन घालणाऱ्या माणसाला मी ओळखतो, रोज आरशात बघतो.

हाफ नट फेकून द्यायचा असा याचा अर्थ नाही. दोन नट एकमेकांवर लॉक करायचे असतील तर तो उत्तम. फक्त आपल्याकडे तो जाड नटाच्या वर लावतात, आणि लावायला हवा खाली. वरचा नट कसला की तो स्टडला वर ओढतो, खालच्या नटाच्या आट्यांवरचा भार सुटतो आणि बोल्टचा सगळा ताण वरच्यावर येतो. जाड नट वर हवा तो त्यासाठी. पाना बसायला सोपं जातं म्हणून सगळे उलट करतात.

अण्णांच्या ब्लोअरला शेवटी वर दोन प्रमाणातले कॉलर नट, खाली दोन बुटके, असं बसवलं. चारही नटांवरून स्टडपर्यंत आणि पुढे कव्हरवर पांढऱ्या पेंट पेनाने एकेक सरळ रेघ ओढली. अण्णांना सांगितलं, रेघ तुटलेली दिसली की हात न लावता फोन करा.

तिसऱ्या फवारणीनंतर फोन आला. "वरच्या दोन रेघा हायत तशा. खालची एक केसभर सरकली."

मी तासगावला गेलो. नट सोडवला, स्टडचे आटे कापसाने पुसून बघितले, एकही दुखावलेला नव्हता. नटाचेही ठीक. मग कव्हरकडे बघितलं. भोकाभोवती अर्धचंद्राएवढा निळा रंग राहिलेला होता, चेपून पापुद्र्यासारखा झालेला. बाकी अर्ध्यात स्वच्छ ॲल्युमिनियम. आमच्या पोराने रंग खरवडला होता, पण खालच्या बाजूने त्याला हात पोचत नव्हता. अण्णांच्या घरून जुनं दाढीचं ब्लेड मागून तो पापुद्रा काढला, नवा नट घातला, रेंच काटकोनात लावून कसला आणि कागदाचा तुकडा सगळ्या बाजूंनी घालून बघितला. कुठूनच आत जाईना.